पाटावरून न उठणारा पाहुणा

१

सात नंबरच्या जाळीनं त्या मंगळवारी काही म्हणता काही धरलं नाही.

बाहेरून आलेली तिघांची समिती, गाईड हणमंतराव सर, दारापाशी यंत्रखोली सांभाळणारी आरती आणि मधोमध धम्मप्रिया, असे सगळे एका पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक निळी रेघ होती. काचेच्या नळीत मुठीएवढी चिनीमातीची जाळी बसवलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. एका टोकानं तिच्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडचा वायू सोडलेला. डिझेल इंजिनाच्या धुरात असतो, छातीत जाऊन बसतो, तोच. दुसऱ्या टोकाला मोजणारं यंत्र. जाळीनं वायू धरला की रेघ खाली पडायची. धम्मप्रियाच्या पीएच.डी.च्या प्रबंधात लिहिलं होतं, अकरा मिनिटं ती तळाशी राहते.

रेघ पडलीच नाही. एक मिनिट झालं, तीन झाली, सात झाली. ती आपली ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

"मग हे आधीचे आलेख कुठून आले?" समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला.

"मोजूनच आले, सर."

"मोजलेलं पुन्हा मोजता येतं, बाई. नुसतं लिहिलेलं येत नाही."

हणमंतराव सर आपल्या बुटांकडे बघत होते. अध्यक्षांनी सहीचा कागद सही न करताच फाईलीत ठेवला. "पुढच्या मंगळवारी मी पुन्हा नांदेडला आहे. तोवर आठ दिवस घ्या. जाळीनं धरून दाखवलं तर ठीक, नाहीतर आकडे बनावट म्हणून नोंदणी रद्द करायची शिफारस करावी लागेल."

बनावट! आरतीला तो शब्द स्वतःच्या कानशिलावर बसल्यासारखा वाटला. ते अकरा मिनिटांचे आलेख तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मोजणारं यंत्र लावून दिलं होतं, आणि रेघ तळाला गेल्यावर धम्मप्रियानं लहान पोरीसारखी उडी मारली होती.

झाडलोट करणारी पारूबाई चहाचा ट्रे घेऊन आली आणि खोलीतलं वारं ओळखून दारातच थबकली. धम्मप्रिया तिच्या अंगावरून निघून गेली. चपला घालायचंसुद्धा तिला भान नव्हतं.

"काय झालं हो मॅडम? पोरगी अशी का पळाली?"

"तिची जाळी चालली नाही, मावशी."

"आत्ता गं माय!" पारूबाई हळहळली. "तुमचं लेकरू बरं हाय ना? माजी नात तर लई खोकून राहिली."

आरतीचं अर्धंच लक्ष होतं. ती यंत्राकडे बघत होती. पोरगी खोटी असेल, नाहीतर यंत्र खोटं असेल, किंवा मग जाळी तरी. यातलं एक तपासणं तर तिच्या हातात होतं.

२

सगळे गेल्यावर तिनं धम्मप्रियाचीच जुनी, चार नंबरची जाळी कपाटातून काढली आणि त्याच नळीत बसवली. तोच वायू, तेच तापमान. रेघ धपकन खाली पडली आणि सहा मिनिटं तळाशी राहिली. चार नंबर तेवढीच धरायची, वहीत तसंच लिहिलेलं होतं.

म्हणजे यंत्र खरं होतं. खोट सात नंबरच्या जाळीत होती.

कुणी बदलली तर नसेल? आरतीनं जाळी उजेडात धरली. एका कोपऱ्याला टवका उडालेला होता, करंगळीच्या नखाएवढा. वहीत त्याचाही उल्लेख होता, चित्रासकट. अशी होती धम्मप्रिया! जाळी तीच. मग आरतीनं ती काट्यावर ठेवली, आणि आकडा बघून पुन्हा ठेवली. वहीतल्या वजनापेक्षा तीनशे मिलिग्रॅम जास्त.

ती स्टुलावर बसली. चोरी झाली की वस्तू कमी होते. इथं उलटंच झालं होतं. कुणीतरी काहीतरी आत ठेवून गेलं होतं.

जाळीचा पत्र्याचा डबा तिनं उघडला. आत कापूस. कापसाला कसलासा वास होता, अगदी ओळखीचा, घरातला. आरतीनं डोळे मिटून तो पुन्हा घेतला. नाव जिभेवर आलं आणि निसटलं.

दुपारच्या सुट्टीत तिला लेकीला पाजायला घरी पळायचं होतं. जाता जाता ती हणमंतराव सरांच्या खोलीत डोकावली.

"सर, जाळी दिवाळीआधी चालत होती. सुट्टीत प्रयोगशाळेच्या चाव्या कुणाकुणाकडे होत्या?"

"तिघांकडं. मी, हरिओम, अश्वजित." सर थकलेले दिसत होते. "तुम्ही यात कशाला पडता, मॅडम? तुम्हाला लहान लेकरू आहे."

"म्हणूनच पडते, सर. धम्मप्रियाच्या आईनंही तिला असंच पाजून मोठं केलं असेल."

आरती जिना उतरली. अठरा दिवस बंद असलेली प्रयोगशाळा सोमवारी उघडली तेव्हा फरशी कशी आरशासारखी होती, हे तिला उगाचच आठवलं. ते का आठवलं हे मात्र उमगलं नाही.

३

हरिओम वीज आणि वायूच्या टाक्या बघायचा. कॉलेजच्या डिझेल जनरेटरवर त्याचा फार जीव. दिवाळीआधी त्यानं सरांकडे सात नंबरची जाळी मागितली होती, जनरेटरच्या धुराड्यात लावून बघायला. हे सगळ्यांनाच माहीत होतं.

बुधवारी सकाळी आरतीनं त्याला जनरेटरपाशीच गाठलं.

"मागितली हुती, हाव," हरिओम फडक्यानं हात पुसत म्हणाला. "सर म्हनले, जाळीला हात लावशील तर हात तोडीन."

"मग?"

"मग काय? बगा की, दोनी हात हायेत जाग्यावर."

आरतीला हसू आवरेना. हरिओमही हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "मला इचारता तसं अश्वजितला इचारा. मी सुट्टीत आलोच न्हाई म्हनतो की तो. पाडव्याच्या दिवशी त्याची गाडी म्यां हितं बघितली, या लिंबाखाली."

अश्वजित धम्मप्रियाच्याच बरोबरीचा संशोधक, अर्धापूरचा. घरची केळीची बाग. लातूरच्या एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि अर्ज दोघांनीही केला होता. धम्मप्रियाची नोंदणी गेली तर जागा कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी सुट्टीत आलोच नाही, मॅडम," अश्वजित म्हणाला. "बागेत केळी तोडणीला आली होती."

"गाडी एकटीच आली होती का मग पाडव्याला?"

त्याचा चेहरा पडला. तो पेनाचं टोपण काढत राहिला, लावत राहिला.

"माझी जाळी चार मिनिटांच्या वर धरत नाही. काही केल्या नाही. मी तिची वही वाचायला आलो होतो. चोरून. हे तुम्ही तिला सांगाल?"

"जाळीला हात लावलास?"

"शपथ घेतो. डबा उचलला होता फक्त, बघावी म्हणून." तो थांबला. "पण डबा रिकामा होता."

"रिकामा?"

"आत नुसता कापूस. मला वाटलं, ती चाकूरला गावाकडं घेऊन गेली असेल. तिचं काय, ती उशाला घेऊन झोपेल जाळी!"

जाळी बाहेर गेली होती आणि परतही आली होती. पण हे सांगणारा एकटा अश्वजित. तो खरं बोलत होता कशावरून?

४

गुरुवारी आरतीनं सात नंबरची जाळी आपल्या यंत्रखोलीत नेली. तिच्याकडे क्ष-किरणांचं एक यंत्र होतं; कुठल्या वस्तूत कुठलं मूलद्रव्य किती, ते न फोडता सांगायचं. प्लॅटिनम दिसलं, बेरियम दिसलं, जेवढं हवं तेवढंच. आणि दोन आगंतुक दिसले. गंधक आणि पोटॅशियम.

तिनं धम्मप्रियाला फोन लावला. ती मंगळवारीच अहमदपूरमार्गे एसटीनं चाकूरला निघून गेली होती. फोन तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी उचलला.

"पोरगी कालधरनं जेवली न्हाई, मॅडम. ताप न्हाई, काय न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडलीय. काय झालंय तिकडं?"

"तिला द्या फोन. सांगा, जाळीत गंधक सापडलंय."

"काय सापडलंय?"

"गंधक. एवढंच सांगा, ती उठेल."

खरंच उठली. फोनवर तिचा श्वास ऐकू आला. "गंधक? मॅडम, नक्की?"

"नक्की. आता मला लेकरासारखं समजावून सांग. गंधकानं काय होतं?"

"तुम्हाला पंगतीचं सांगते," धम्मप्रिया म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली होती. "जाळीवर प्लॅटिनम आहे आणि त्याच्या शेजारी बेरियम. धुरातला नायट्रिक ऑक्साइड येतो. प्लॅटिनम त्याला आणखी एक ऑक्सिजन जोडून देतं, म्हणजे दारात उभं राहून पाहुण्याला पंगतीत नेऊन सोडतं. बेरियम म्हणजे पाट. पाहुणा नायट्रेट होऊन पाटावर बसतो. सगळे पाट भरले की थोडा वेळ हायड्रोजन सोडायचा. पंगत उठते, आणि प्लॅटिनमपाशी येऊन त्याच विषाचा साधा नायट्रोजन होतो. आपण श्वासात घेतो ना, तो. पाट रिकामे, दुसरी पंगत बसली."

"आणि गंधक?"

"गंधक हा न उठणारा पाहुणा. एकदा सल्फेट होऊन पाटावर बसला की हायड्रोजननं सहजी हलत नाही. सगळ्या पाटांवर तोच बसला तर माझ्या पाहुण्यांनी बसायचं कुठं?"

म्हणूनच सात नंबरनं काही धरलं नव्हतं. धरायला जागाच शिल्लक नव्हती.

"गंधक डिझेलमध्ये असतं," आरती म्हणाली. "हरिओमचा जनरेटर..."

"पण पोटॅशियम? ते डिझेलमध्ये नसतं, मॅडम."

मग धम्मप्रियाच अगदी हळू बोलली. "केळीला ठिबकमधून एक खत देतात. पांढरं, पाण्यात विरघळणारं. पोटॅशियम सल्फेट. त्यात ही दोन्ही असतात."

केळी. अर्धापूर. अश्वजित.

५

शुक्रवारी आरतीला कामात लक्ष लागेना. खताच्या पाण्यात जाळी बुडवायला कितीसा वेळ लागतो? पण अश्वजितचा तो पडलेला चेहरा डोळ्यांपुढून जाईना. वही चोरून वाचल्याची लाज वाटणारा पोरगा, आणि जाळी बुडवून निवांत राहील?

तिला एक सुचलं. पाण्यात बुडवलेली वस्तू सगळीकडून सारखी भिजते. तिनं जाळी पुन्हा यंत्राखाली धरली. आधी टवक्याच्या बाजूनं, मग उलटी करून. टवक्याच्या तोंडाशी गंधक दुसऱ्या तोंडापेक्षा चौपट होतं.

म्हणजे जाळी बुडवलेली नव्हती. गंधक एकाच बाजूनं आलं होतं, आत शिरताना वाटेत बसत बसत. वायू येतो तसं. धूर येतो तसं! आणि धुरात पोटॅशियम कुठून? राखेतून. झाडपाला, लाकूड, गोवरी, काहीही जाळा, राखेत पोटॅशियम असतंच. कुणीतरी ही जाळी विस्तवावर धरली होती, तीही एकदा नाही, खूपदा. काजळी असेल तर ती चाचणीआधी धम्मप्रियानं पाचशे अंशांवर तापवली तेव्हाच जळून गेली. जाळी तर मूळचीच राखाडी, कुणाला काय दिसणार?

पण चुलीवर जाळी ठेवायचा वेडेपणा कोण करेल? आणि कुठल्या चुलीत गंधक असतं?

दुपारी ती घरी पोचली तेव्हा सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, रुद्राणीला नुकतंच न्हाऊ घातलं होतं. दहा महिन्यांची रुद्राणी टॉवेलात गुंडाळलेली, ओल्या बटांची, आईला बघून दोन्ही हात हलवत होती.

"थांब गं, धुरी होऊ दे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "शिंकून राहिली सकाळपासून."

त्यांनी शेगडीतल्या गोवरीच्या निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला, मग मूठभर लसणाच्या साली. साली तडतडल्या. निळसर धूर वर आला, आणि आरती जागच्या जागी उभी राहिली.

तोच वास, कापसातला. रोज संध्याकाळी लेकीच्या टोपड्यात नाक खुपसून ती जो घेत होती, तोच.

"आई, लसणाला हा उग्र वास कशानं येतो, माहितंय?"

"लसूणच तो, त्याला काय गुलाबाचा येणार?"

"गंधकानं येतो, आई! गंधकानं!" तिनं रुद्राणीला उचलून छातीशी धरलं. लेक घटाघटा पिऊ लागली आणि आरतीचं डोकं शांतपणे चालू लागलं. बाळाची धुरी. म्हणजे जाळी अशा घरात गेली, जिथं तान्हं लेकरू आहे. प्रयोगशाळेत ये-जा असलेल्या माणसांत असं घर कुणाचं? सरांची मुलं कॉलेजात. हरिओम आणि अश्वजित दोघेही बिनलग्नाचे.

एकच घर उरत होतं, आणि ती त्याच घरात बसली होती. हेच समितीपुढे मांडलं तर पहिलं बोट तिच्याकडेच वळलं असतं.

६

रुद्राणी पिता पिता झोपली. तिला पाळण्यात ठेवताना आरतीचा हात एकदम थांबला. माजी नात तर लई खोकून राहिली. कोण म्हणालं होतं? आणि अठरा दिवस बंद असलेली फरशी आरशासारखी कुणी ठेवली होती? सरांनी तीन चाव्या मोजल्या होत्या. चौकीदाराकडून किल्ली घेऊन सुट्टीतही झाडून जाणारीची कुणी मोजलीच नव्हती.

शनिवारी सकाळी धम्मप्रिया चाकूरहून आली आणि दोघी स्टेशनामागच्या वस्तीत पारूबाईच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दारात तुळशीऐवजी टोमॅटोचं एक रोप. पारूबाईची सून मल्लम्मा, देगलूरकडची, लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. दोन महिन्यांची, मुठी आवळून झोपलेली. कोपऱ्यात शेगडी.

"या, या! माज्या घरी दोन मॅडम!" पारूबाईची धांदल उडाली. "मल्लम्मा, चहा टाक." मल्लम्मा लेकराला गोधडीवर निजवून आत गेली.

धम्मप्रियानं पिशवीतून जाळी काढून समोर ठेवली. "मावशी, ही तुम्ही आणली होती?"

"हाव," पारूबाई सरळ म्हणाली. "सुट्टीत कुनी वापरीत न्हाई म्हनून आनली. डब्यात जशीच्या तशी ठिवली की म्यां परत. बुरशानं पुसून."

"कशाला आणलीत?"

"तूच तर सांगितलं हुतं गं!" पारूबाईला आश्चर्य वाटलं. "पंगतीचं. धुरातलं इष येतं आन् हिच्यात बसतं. हितं डाक्टर म्हनतो, लेकराला धूर देऊ नका, छाती भरली. माजी आय म्हनायची, धुरीबिगर लेकरू अंग धरत न्हाई. मी कुनाचं ऐकू? मग म्हनलं, शेगडीवर आपल्या बाईची जाळी ठिवावी. इष हिच्यात ऱ्हाईल, धुरी तेवढी लेकराला लागंल. दोन टाइम ठिवली, अठरा दिस."

"मी म्हनले हुते, अत्त्या, इचारून घ्या," मल्लम्मा आतून म्हणाली.

आरतीनं सगळं सांगितलं. लसणाच्या साली, गंधक, न उठणारा पाहुणा. समिती, बनावट, मंगळवार. सांगत असताना पारूबाईचा हात हळूहळू तोंडाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"म्हंजी त्या दिशी पोरगी अशी पळाली, ती माज्यापायी?"

मल्लम्मा चहाचे कप हातात घेऊन उभीच राहिली.

"मला कामावरनं काढतील," पारूबाई म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

धम्मप्रिया पुढे सरकली आणि तिनं झोपलेल्या लेकराची मूठ आपल्या बोटानं अलगद उघडली. मूठ लगेच बोटाभोवती मिटली. "तुमचं नाव मी घेणार नाही, मावशी. ही जाळी मी समितीसमोर पुन्हा जिवंत करीन. गंधक उठत नाही म्हणतात, पण सातशे अंशांवर हायड्रोजन दिला तर उठतं. बऱ्यापैकी उठतं. फक्त धुरी बंद करा. डॉक्टर बरोबर बोलला. माझी जाळी गोवरीच्या धुरासाठी नाही, आणि धूर इतक्या लहान छातीसाठी नाही."

बाहेर आल्यावर आरती म्हणाली, "ते विचारतील, गंधक आलं कुठून. काय सांगशील?"

धम्मप्रियानं जाळीची पिशवी पोटाशी धरली आणि ती चालू लागली.

७

मंगळवारी तेच तिघे, त्याच खुर्च्या. अश्वजितही आला होता; वहीची गोष्ट त्यानं स्वतःच धम्मप्रियाला सांगून टाकली होती आणि आता तो मागं उभा राहून भट्टीचं तापमान वाचून दाखवत होता.

आरतीनं वजन मांडलं, क्ष-किरणांचे आकडे मांडले, दोन्ही तोंडांतला फरक मांडला. मग धम्मप्रियानं जाळी सातशे अंशांवर नेली आणि हायड्रोजन सोडला. नळीच्या पलीकडच्या तोंडाशी तिनं लेड ॲसिटेटनं भिजवलेली कागदाची पांढरी पट्टी धरली. "गंधक निघालं तर ही काळी पडेल."

पट्टी आधी तपकिरी झाली आणि बघता बघता काजळासारखी काळी. समितीतल्या एकानं उठून ती जवळून पाहिली.

"गंधक होतं, हे मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पण ते तुम्ही स्वतःच घातलं नाही कशावरून? प्रयोग फसला की माणूस कारण तयार करतो. तुम्ही म्हणता, कुणीतरी धुरावर धरली. कुणी?"

धम्मप्रियानं काळी पट्टी टेबलावर ठेवली. हणमंतराव सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरतीकडे. आरतीला पारूबाईचं नाव सांगता आलं असतं. पण ते सांगायचं की नाही हे धम्मप्रियाच्या हातात होतं, आणि तिनं शब्द दिला होता.

"सांगता येत नसेल," अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं, "तर मला..."

"म्यां धरली."

पारूबाई दारात उभी होती. आज तिच्या हातात ट्रे नव्हता. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"तुम्ही कोण?"

"हितं झाडून काढते. जाळी म्यां नेली, साहेब. नातीच्या धुरीच्या शेगडीवर ठिवली. ह्या पोरीला ठावं न्हवतं."

"मावशी, तुम्ही जा..." धम्मप्रिया पुढे झाली.

"तू गप ऱ्हा गं."

अध्यक्ष तिच्याकडे बघत राहिले. "शेगडीवर? कशासाठी?"

"ही म्हनली, जाळी इष धरती."

"आणि तुम्ही ते खरं मानलंत? कुठला पुरावा बघून?"

पारूबाईला प्रश्न नीटसा कळला नाही. तिनं खोलीभर बघितलं, यंत्रांकडे, काळ्या पट्टीकडे, शेवटी धम्मप्रियाकडे.

"पुरावा न्हाई बा ठावं. दोन वरसं हिला बघते. समदे घरी गेले तरी ही नळीम्होरं उपाशी बसायची. चुकलं की पुन्यांदा करायची, कुनी बघत नसलं तरी. अशी पोरगी खोटं कशाला बोलंल? माज्या नातीच्या नाकाम्होरं ठिवली मी ती जाळी, साहेब. आनखी काय सांगू?"

खोलीत फक्त भट्टी गार होत असल्याची टिकटिक होती. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हणमंतराव सर उठले. "बाईंची चूक माझी आहे, सर. नमुन्यांच्या कपाटाला कुलूप नव्हतं. ते लावणं माझं काम होतं. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा."

"लिहायचं नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. "वायू सोडा."

जाळी हवी तेवढी निवली. अश्वजितनं झडप उघडली. आरतीनं धम्मप्रियाचा हात आपल्या हातात घेतला. पारूबाई दाराशीच होती. धम्मप्रियानं तिला ओढून पडद्यासमोर आणलं.

"कुटं बघायचं?"

"त्या निळ्या रेघेकडं, मावशी."

रेघ क्षणभर हलली, आणि खाली गेली. तळाशी. एक मिनिट. दोन.

"सर," धम्मप्रिया म्हणाली, "अकरा मिनिटं राहणार नाही. इतक्या तापवण्यानं प्लॅटिनमचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि थोडं गंधक आतच राहतं. जेवढी भरतील तेवढीच लिहीन. प्रबंधात तेही येईल."

अध्यक्षांनी नुसती मान हलवली. पारूबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून, पापणी न हलवता रेघेवर पहारा देत होती. ज्या गोष्टीवर तिनं न बघता विश्वास ठेवला होता ती आज पहिल्यांदा बघत होती. नववं मिनिट संपता संपता रेघ वर चढू लागली तशी ती घाबरून वळली. "आता काय झालं?"

"काही नाही, मावशी," आरती म्हणाली. "पाट भरले."

धम्मप्रियानं नऊ हा आकडा वहीत लिहिला आणि भीत भीत टेबलाकडे पाहिलं. कागदावर सही होऊन गेली होती. अध्यक्षांनी ती चौथ्याच मिनिटाला केली होती.